फुकट रिटर्न, पण कोणाच्या पैशातून?



शिवणकाम करणारे काही गट आता पिशव्या आणि ब्लाउजच्या जोडीला मोटारसायकलची सीट कव्हरं, टाकीची कव्हरं, गाडीतले मॅट असं कामही धरतात. माल चांगला झाला की बैठकीत प्रश्न येतोच, "ताई, हे ऑनलाइन टाकायचं का?" टाकायला हरकत नाही. पण नाव नोंदवण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. ती म्हणजे रिटर्न, म्हणजे विकलेला माल परत येणं.

ॲपवर ग्राहकाला 'फ्री रिटर्न' असं दिसतं. पण पार्सल परत आणणारी गाडी काही फुकट चालत नाही. तो खर्च कोणीतरी भरतंच. बऱ्याच ठिकाणी तो विक्रेत्याच्या पैशातून कापून घेतात. म्हणजे आपल्या गटाच्या पैशातून.

हिशोब करून बघू

समजा सीट कव्हरचा भाव ३५० रुपये ठेवला. रेक्झिन, फोम, इलॅस्टिक, दोरा मिळून १५० रुपये. शिवणाऱ्या ताईची मजुरी ६०. पॅकिंग १५. कंपनीचं कमिशन आणि माल पोचवायचा खर्च ७५. एकूण ३०० झाले. एका कव्हरमागे ५० रुपये उरले. दहा विकली तर ५०० रुपये नफा.

आता दहातली दोन परत आली असं धरा. उरलेल्या आठांवर ४०० रुपये मिळाले. परत आलेल्या दोनांचं जातानाचं ७५ रुपयांचं कमिशन-भाडं कंपनीने माफ केलं असंही धरू. तरी परतीचं भाडं प्रत्येकी ९० आणि वाया गेलेलं पॅकिंग १५, असे दोन पार्सलांचे २१० गेले. हातात राहिले १९०. त्यातलं एक कव्हर ग्राहकाने चढवून, ताणून, मळवून पाठवलं असेल तर ते नवं म्हणून विकता येत नाही. त्याचा कच्चा माल आणि मजुरी मिळून आणखी २१० गेले. म्हणजे दहा कव्हरं शिवून वर २० रुपये पदरचे घातले.

हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या मालाचे आकडे घालून हाच हिशोब गटात करून बघा.

गाडीच्या सामानातच हे जास्त का होतं?

साडी थोडी वेगळ्या रंगाची आली तरी नेसता येते. गाडीचं सामान बसलं तर बसलं, नाहीतर नाहीच. ॲक्टिव्हाचंच घ्या. ३जी, ४जी, ५जी, ६जी अशा पिढ्या आल्या. नाव तेच, पण एकीचा भाग दुसरीला बसेलच असं नाही. ग्राहक नुसतं नाव बघून मागवतो, बसलं नाही की परत पाठवतो. चूक त्याची, भाडं आपलं.

हॉर्न, इंडिकेटर, आरसे विकणाऱ्या छोट्या दुकानदारांना तर याहून जास्त त्रास. चुकीच्या वायरीला जोडून जळालेली वस्तू परत येते. कधी नव्या खोक्यात जुनाच भाग घालून पाठवलेला असतो.

मॅटचं आणखी एक बघा. वजन कमी पण आकार मोठा असेल तर कुरिअरवाले आकारावरून वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि ५००० ने भागायची, ही त्यांची नेहमीची रीत. असा माल जाताना महाग आणि येतानाही महाग.

मोठा व्यापारी हजारो नगांमध्ये हा तोटा पचवतो. आपल्या दहा-वीस नगांत तो लगेच टोचतो, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही.

कायदा काय म्हणतो?

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. माल खराब, नकली, जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा किंवा सांगितलेल्या वेळेनंतर पोचलेला असेल, तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत हे आहे. ते योग्यच आहे, आपणही ग्राहक आहोतच की.

पण 'मन बदललं' किंवा 'मीच चुकीचं मागवलं' म्हणून माल फुकट परत घ्या, असं हे नियम सांगत नाहीत. ती अट कंपनीची असते. युरोपीय संघात १४ दिवसांत कारण न देता माल परत करता येतो. पण तिथेही विक्रेत्याने खर्च कबूल केला नसेल आणि आधी तशी कल्पना दिली असेल, तर परतीचं भाडं ग्राहक भरतो. आणि ग्राहकाच्या मापाने खास बनवलेल्या वस्तूला ही सवलत लागू नाही.

म्हणून नोंदणी करताना 'सहमत' बटण दाबण्याआधी रिटर्नची अट वाचा. मराठीत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या.

मग करायचं काय?

- गाडीचं नाव, मॉडेल, साल आणि सीटची लांबी-रुंदी मराठी, हिंदी, इंग्रजीत लिहा. टेप लावलेला फोटो टाका.
- पार्सल बांधताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. परत आलेलं पार्सल उघडतानाही काढा. माल बदललेला निघाला तर हाच पुरावा. तक्रारीची मुदत थोडी असते, त्याच दिवशी करा.
- भाव ठरवताना रिटर्न धरा. वरच्या उदाहरणात आठ विकून ४०० रुपये राखायचे तर भाव ४०० च्या आसपास लागतो. त्या भावाला ऑनलाइन गिऱ्हाईक नसेल तर तो बाजार सध्या आपला नाही.
- आधी तालुक्यातले गॅरेजवाले आणि सीट बनवणारे धरा. ते गाडी समोर ठेवून माप देतात, परत येण्याचा प्रश्नच कमी.
- रिटर्नसाठी वेगळी वही ठेवा. तारीख, कारण, किती रुपये गेले, एवढं लिहा. तीन महिन्यांत कुठला माल बंद करायचा ते वहीच सांगेल.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. माल परत आला की "तू नीट शिवलं नाहीस" असं बोलणं सुरू होतं, मजुरी अडकते आणि गटात फूट पडते. शिलाईत दोष नसेल तर शिवणाऱ्या ताईची मजुरी कापायची नाही. तोटा धंद्याचा आहे, तो सगळ्यांनी मिळून सोसायचा. त्यासाठी प्रत्येक विक्रीतून थोडी रक्कम बाजूला काढा. किती काढायची आणि दोष कोणी तपासायचा, हे पहिली ऑर्डर घ्यायच्या आधी मासिक बैठकीत ठरवा, इतिवृत्तात लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.