टॉवरवरचे ससाणे आणि माझी दुसरी स्क्रीन

ज्यांना इअरफोन न लावता हा एपिसोड वाचायचाय, त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

आधी कबुली देतो. माझ्या दुसऱ्या स्क्रीनवर कामाचा डॅशबोर्ड असायला हवा. पण फेब्रुवारी ते जून तिथे एक घरटं असतं. अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात, कॅम्पनिली नावाचा ९४ मीटर उंच घड्याळाचा टॉवर आहे. त्याच्यावर बहिरी ससाण्यांनी घरटं केलं आणि २०१९ पासून तिथे वेबकॅम लावलेत. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे नऊ. म्हणजे जेवण उरकून निवांत बघता येतं.

आता प्रश्न असा की ससाणा टॉवरवर का? कारण त्याच्या दृष्टीने टॉवर म्हणजे कडाच. तो काड्या गोळा करून घरटं बांधत नाही. खडीत छातीने खळगा करतो, झालं घरटं. शिवाय खाली कबुतरांचा मेस चोवीस तास चालू! वरून सूर मारताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो.

पण हा पक्षी अमेरिकेतून जवळजवळ संपला होता. डीडीटी हे कीटकनाशक किड्यांतून छोट्या पक्ष्यांत आणि त्यांच्यातून ससाण्यांत साठत गेलं. त्यामुळे अंड्याचं कवच इतकं पातळ व्हायचं, की आई उबवायला बसली की अंडं फुटायचं. १९७२ मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली, पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं रानात सोडली गेली आणि १९९९ मध्ये हा पक्षी धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर पडला.

आता खरी गोष्ट. टॉवरवरची मादी अ‍ॅनी, नर ग्रिनेल. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुसऱ्या ससाण्यांशी झालेल्या मारामारीत ग्रिनेल जखमी झाला. उपचार होऊन परत आला. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये अ‍ॅनीच गायब! आठवडाभर पत्ता नाही. लोकांनी आशा सोडली, आणि १ मार्चला बाईसाहेब हजर. अंडीही आली. आणि ३१ मार्चला ग्रिनेल शहरात मेलेला सापडला.

हे इतकं गंभीर का, ते समजून घ्या. अंडी साधारण ३३ ते ३५ दिवस उबवावी लागतात. नर-मादी पाळी लावून बसतात, आणि त्या काळात मादीसाठी शिकार मुख्यतः नर आणतो. एकटी मादी शिकारीला गेली तर अंडी गार पडतात, बसून राहिली तर उपाशी. आपल्या भाषेत, दोन सर्व्हरची सिस्टीम एका सर्व्हरवर आली.

पण काही तासांतच एक नवा नर टॉवरवर आला. त्याचं नाव पुढे ऑल्डेन ठेवलं गेलं. तो शिकार आणायला लागला आणि चक्क अंड्यांवर बसला! मे महिन्यात दोन पिल्लं बाहेर आली.

हा इतक्या पटकन आला कुठून? ससाण्यांमध्ये बरेच प्रौढ पक्षी जागेअभावी बिनघराचे फिरत असतात. चांगल्या जागा मोजक्या, त्यामुळे एक रिकामी झाली की लगेच दावेदार उभा. संख्या सावरल्याची ही खूणच म्हणायची. डीडीटीच्या काळात असा ‘बॅकअप’ कुठून मिळाला असता?

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कॅमेरा फक्त घरटं दाखवतो. ग्रिनेल गेला तो फ्रेमबाहेर. २०२५ च्या सुरुवातीला अ‍ॅनीही दिसेनाशी झाली, तेव्हाही स्क्रीनवर काहीच घडलं नव्हतं. नुसती रिकामी खडी. मी तरीही टॅब बंद केला नव्हता.

आणि हो, हा पक्षी फक्त परदेशातला नाही. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर याच प्रजातीतला शाहीन राहतो. पुढच्या ट्रेकला कड्याखाली थांबलात तर मोबाईल खिशात ठेवा आणि वर बघा. तिथे रिवाइंड नाही, पण फ्रेमही नाही. दिसला तर आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!