फ्लॉपीत मावलेला नाच

तुम्ही आत्ता वाचताय तो हा लेख कॉम्प्युटरमध्ये साठवायचा तर पंधरा-सोळा किलोबाइट जागा लागते. देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन-तीन बाइट खातं. ‘मोरा’ एवढंच लिहून बघा. म, त्याचा ओकार, र आणि काना. चार चिन्हं, बारा बाइट खलास! आता उरणजवळच्या मोरा बंदरावर उभं राहून होड्यांचा एक फोटो मोबाइलवर काढा. तो सहज तीन-चार मेगाबाइटचा भरेल, म्हणजे या लेखासारखे दोनशे लेख. व्हिडिओचं तर विचारूच नका.

आणि आता ऐका. डिसेंबर १९९२ मध्ये नॉर्वेतल्या काही पोरांनी एक अख्खा नाच, संगीतासकट आणि रंगांसकट, ८८० किलोबाइटच्या एका फ्लॉपीत बसवला. तुमच्या त्या एका फोटोच्या निम्म्याहून कमी जागेत!

फ्लॉपी पाहिली नसेल तर ‘सेव्ह’च्या बटणावरचं चौकोनी चित्र आठवा. तीच ती. पोरांच्या टोळीचं नाव होतं स्पेसबॉल्स आणि त्या नाचाचं नाव ‘स्टेट ऑफ द आर्ट’. प्रोग्राम लिहिणारा लोन स्टार, संगीत करणारा ट्रॅव्होल्टा. बारशाला ठेवलेली नावं नव्हेत हो ही! स्पेसबॉल्स नावाचा एक विनोदी सिनेमा १९८७ मध्ये आला होता, त्याच्या नायकाचं नाव लोन स्टार. या जगात प्रत्येक जण असं एखादं झोकदार नाव घेऊनच वावरायचा.

त्यांनी केलं त्याला म्हणतात ‘डेमो’. डेमो हा गेम नाही, कारण तुम्हाला खेळायला काहीच नसतं. तो सिनेमाही नाही, कारण चित्रं आधी काढून ठेवलेली नसतात. तुमच्यासमोर, त्या क्षणी, कॉम्प्युटर आकडेमोड करतो, चित्र काढतो, पुसतो, पुढचं काढतो. सेकंदाला पंचवीस वेळा, जमलं तर पन्नास वेळा.

हे खूळ आलं कुठून? थोडं वाकड्या वाटेनं आलं. १९८२ मध्ये कमोडोर ६४ नावाचा घरगुती कॉम्प्युटर निघाला. घरच्या टीव्हीला जोडायचा, गेम टाकायचा, खेळायचं. त्याची स्मृती ६४ किलोबाइट, म्हणजे या लेखासारखे चारच लेख मावणार. (भारतातही १९८६ पासून डीबी स्पेक्ट्रम नावाचा असाच एक कॉम्प्युटर विकत मिळायचा. त्यात तर ४८ किलोबाइटच.) गेमची चोरून कॉपी होऊ नये म्हणून कंपन्या त्याला कुलूप घालत. युरोपातली काही उपद्व्यापी पोरं ते तोडत आणि गेमच्या सुरुवातीला आपलं नाव झळकवत. चोरी ती चोरीच, त्यात कौतुक नको. पण नाव झळकवण्याची मात्र अशी काही चुरस लागली, की नावं नाचू लागली, उसळू लागली, मागे संगीत वाजू लागलं. शेवटी काही जणांनी गेम सोडून दिला आणि नुसती ही कारागिरीच करायला घेतली.

नॉर्वेमध्येच १९८५ मध्ये निघालेली एक टोळी म्हणजे रेझर १९११. आधी तिच्या नावात २९९२ होतं, मग १९११ झालं. हे साल नाही, कोडं आहे! आपण दहाच्या पटीत मोजतो, प्रोग्रामर सोळाच्या पटीत मोजतात. सात गुणिले २५६, अधिक सात गुणिले १६, अधिक सात. करा बेरीज. १९११ म्हणजे सोळाच्या भाषेतले ७७७.

आता या पोरांची एक युक्ती सांगते. तिच्यावर मी फिदा आहे. कमोडोर ६४ च्या पडद्याभोवती एक जाड चौकट असायची. तिच्यात चित्र काढता येत नाही, असं कंपनीचं पुस्तकच सांगायचं. जुन्या टीव्हीत चित्र वरून खाली, एकेक रेषा करत उमटायचं. एका रेषेला लागणारा वेळ ६४ मायक्रोसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा सुमारे पंधरा हजार सहाशेवा भाग. चित्राची चिप या रेषा मोजत असायची. अक्षरांच्या २५ ओळींचं चित्र असेल तर २५१ व्या रेषेला खालची चौकट सुरू करायची आणि २४ ओळींचं असेल तर २४७ व्या रेषेला, एवढंच तिला ठाऊक.

पोरांनी काय केलं? चित्र २५ ओळींचं ठेवलं आणि २४७ वी रेषा निघून जाऊ दिली. मग २५१ वी यायच्या आत चिपला सांगितलं, “अगं, चित्र २४ ओळींचंच आहे!” आता २५१ शी तिचं काही देणंघेणं नाही आणि २४७ तर केव्हाच मागे पडली. चौकट सुरू करायचीच राहून गेली! मोकळ्या झालेल्या जागेत पोरांची चित्रं बागडू लागली. भरतीचं पाणी उतरलं की मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच अडते ना, तशीच ही गत: वेळ हुकली की संपलं. फरक इतकाच, की इथे हातात सेकंदाचा चारहजारावा भाग, आणि तोही दर सेकंदाला पन्नासदा गाठायचा.

अशी कसरत एकट्यानं घरात बसून करण्यात काय मजा? म्हणून मेळे भरू लागले. ‘स्टेट ऑफ द आर्ट’ नं पहिला क्रमांक मिळवला तो डेन्मार्कमधल्या आर्स या छोट्या गावातल्या ‘द पार्टी’ नावाच्या मेळ्यात. त्याच वर्षी, १९९२ मध्येच, नॉर्वेत ‘द गॅदरिंग’ सुरू झाला. तोही क्रुसेडर्स आणि डेडलाइन या दोन डेमो-टोळ्यांनी भरवलेला. ईस्टरच्या सुट्टीत पोरं घरचा कॉम्प्युटर, जडशीळ मॉनिटर आणि झोपायची पिशवी घेऊन हजर! १९९६ पासून हा मेळा हामार गावच्या एका प्रचंड सभागृहात भरू लागला. १९९४ च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या स्केटिंगसाठी ते बांधलेलं, आणि त्याचा आकार थेट पालथ्या घातलेल्या व्हायकिंग जहाजाचा.

अशा मेळ्यांमध्ये अगदी छोट्या डेमोंचीही स्पर्धा असते. मर्यादा ४ किलोबाइट. या लेखाचा जेमतेम पाव भाग! २००९ च्या ‘एलेव्हेटेड’ नावाच्या डेमोनं तेवढ्यात बर्फाच्छादित डोंगररांगा दाखवल्या. डोंगर साठवलेलेच नव्हते, डोंगर बनवायचं गणित साठवलं होतं. फिनलंडनं २०२० मध्ये आणि जर्मनीनं २०२१ मध्ये ही कला आपापल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातली.

पण नाच फ्लॉपीत मावला कसा, ते राहिलंच की!

स्पेसबॉल्सचा कॉम्प्युटर होता अमिगा. समजा पडदा ३२० ठिपके रुंद आणि २५६ ठिपके उंच आहे. ठिपका एकतर काळा, नाहीतर पांढरा. असं एक चित्र १०,२४० बाइटचं होतं. सेकंदाला पंचवीस चित्रं म्हटली तर साडेतीन सेकंदांत फ्लॉपी भरली! नर्तकीनं हात वर केला, की खेळ खल्लास.

म्हणून त्यांनी चित्र साठवलंच नाही. खऱ्या नाचाचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यातल्या नर्तकीची फक्त बाह्यरेषा घेतली. तीसुद्धा पूर्ण नाही, वळणावरचे ठिपके तेवढे. समजा एका चित्राला चाळीस ठिपके लागले. प्रत्येकाला साधारण दोन बाइट, म्हणजे ऐंशीएक बाइट. १०,२४० च्या जागी ८०! फ्लॉपी तीच, नाच १२८ पट लांब. नाक-डोळे नाहीत, कपड्यांची नक्षी नाही, तरी पाहणाऱ्याला कळतं की हे जिवंत माणूस नाचतंय. कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर कलावंतांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. ते पडद्यामागे दिवा लावून चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांमधून रामायण उभं करतात. याच पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

पिंगुळीची बाहुली भरीव असते. ठिपके जोडून मिळते ती नुसती रेघ. तिच्यात रंग कोण भरणार? अमिगात त्यासाठी ब्लिटर नावाची खास यंत्रणा होती. तिला नर्तकी म्हणजे काय हे कळत नाही, तिला एकच नियम कळतो. प्रत्येक आडव्या ओळीत एका कडेकडून निघायचं. रेघ लागली की रंगवायला सुरुवात. पुन्हा रेघ लागली की थांबायचं. पुन्हा लागली की पुन्हा सुरू.

चौकटींचा कागद घ्या आणि तुम्हीच ब्लिटर व्हा. बारा-पंधरा ठिपके जोडून एक पापलेट काढा, डोळ्याच्या जागी एक छोटा चौकोन काढा. आता डावीकडून सुरुवात करून नियमानं एकेक ओळ रंगवा. डोळा आपोआप पांढरा राहील, कारण तिथे रेघ दोनदा जास्तीची लागते. पण ज्या ओळीत पापलेटाच्या पाठीचं अगदी वरचं टोक आहे, तिथे रेघ एकदाच लागेल. मग रंग थांबणार कुठे? कागदाच्या उजव्या कडेपर्यंत पट्टा वाहत जाईल! हा घोटाळा अमिगावरही व्हायचा आणि प्रोग्रामरना त्याचा बंदोबस्त करावा लागायचा. पापलेटातला एकही ठिपका न हलवता तुम्ही तो कसा कराल?