औषधाची झळ आणि झाडपाल्याची ढाल

मूत्रपिंडे म्हणजे शरीरातली मुकी चाकर माणसे. दिवसाकाठी ती सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला दीड-दोन लिटर तेवढा बाहेर टाकतात आणि बाकीचा रक्ताला परत करतात. कुरकूर म्हणून नाही! पण ही चाकरीच कधीकधी त्यांना भोवते. रक्तातून आलेले औषध त्यांच्या सूक्ष्म नलिकांत साठते. १९६३ साली जगापुढे आलेले जेंटामायसिन जंतूंना मारते, आणि नलिकांच्या पेशींनाही डसते. कर्करोगावरचे सिस्प्लॅटिन तसेच.

आमच्या शेजारच्या मावशींना हेच सिस्प्लॅटिन सुरू झाले, तेव्हा गावाहून भावाने पुनर्नव्याची मुळे धाडली. "तू शास्त्र शिकवतोस ना रे? मग सांग, घेऊ का काढा?" त्यांनी मला विचारले.

प्रश्न भाबडा नव्हता. पुनर्नवा, म्हणजे आपली घेटुळी, आयुर्वेदाने सुजेवर नावाजलेली. प्रयोगशाळेत उंदरांना पुनर्नवा, गोखरू किंवा हळदीतले द्रव्य देऊन जेंटामायसिन टोचले, तेव्हा रक्तातले क्रिएटिनिन इतर उंदरांइतके चढले नाही, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. औषधामुळे पेशींत जो दाह माजतो, तो ही द्रव्ये शमवतात, असे संशोधक मानतात.

परंतु वाचकहो, उंदराला तारणारा अर्क माणसालाही तारील, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय मूत्रपिंडाला वाचविणारी ढाल कर्करोगाच्या गाठीलाही वाचवू लागली तर?

आणि झाडपाला निरुपद्रवी, हा समज तर फारच महागात पडतो. ब्रुसेल्समध्ये बारीक होण्यासाठी दिलेल्या चिनी वनौषधींत एका मुळीऐवजी ॲरिस्टोलोकियाची मुळी मिसळली गेली. शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडे बिघडली. १९९३ साली तिथल्या डॉक्टरांनी ही हकीकत प्रसिद्ध केली. आपली सापसंद त्याच कुळातली!

मी मावशींना म्हटले, "मुळ्यांची पुडी डॉक्टरांपुढे ठेवा. त्यांनी होकार दिल्यावाचून घोटही नको." डॉक्टरांनी काढा थांबविला आणि सलाईन मात्र चुकविले नाही.

आजची खात्रीची ढाल अशी साधीच आहे: शिरेतून भरपूर पाणी, मूत्रपिंडाची ताकद पाहून ठरविलेली मात्रा आणि वेळच्यावेळी रक्ततपासणी. पुनर्नव्याने या पंक्तीत जरूर बसावे. पण माणसांवरच्या परीक्षेत उतरून, नुसत्या नावलौकिकावर नव्हे.