पान रोज मोडते, रोज दुरुस्त होते

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सावलीतली पुदिन्याची कुंडी एकदम गच्चीवर नेऊन ठेवली. ऊन मिळाले की जोमाने वाढेल, असा आमचा हिशेब. चार दिवसांत पाने फिकी पडली, कडा करपल्या. अम्मीने विचारले, "पाणी तर रोज घालत होतात, मग झाले काय?" त्याचे उत्तर पानाच्या आतच होते.

पानातील हरितलवकांत सूर्यप्रकाशाच्या बळावर पाण्याचे विघटन करणारी एक यंत्रणा असते. तिला फोटोसिस्टीम-२ म्हणतात. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन अशाच यंत्रणेतून मोकळा होतो. पण ज्या प्रकाशावर ती चालते, तोच प्रकाश तिला मोडतो. तिच्या गाभ्यातले डी-१ नावाचे प्रथिन वारंवार निकामी होते. निरोगी, हिरव्यागार पानातही हे रोज घडते.

मग झाड टिकते कसे? दुरुस्तीच्या बळावर. बिघडलेली यंत्रणा हरितलवकातल्या पडद्यांच्या मोकळ्या भागात सरकते. तिथे विकरे मोडके डी-१ तोडून काढतात, नवे डी-१ त्या जागी बसते आणि यंत्रणा पुन्हा कामाला लागते. बाकीचे बहुतेक भाग तेच राहतात. सुई मोडली म्हणून आपण शिलाई मशीन फेकत नाही, तसेच हे.

दुरुस्ती मागे पडली की पानाचे काम मंदावते. जपानचे नोरिओ मुराता आणि सहकाऱ्यांनी नील-हरित शेवाळावरील प्रयोगांतून दाखवले, की उष्णता, थंडी, खारेपणा असे ताण मुख्यतः दुरुस्तीलाच अडवतात. नवे प्रथिन बनणेच मंदावते. २०२० मध्ये चीनमधील संशोधकांनी भातात, उष्णता वाढताच जादा डी-१ तयार होईल अशी सोय केली. शेतातील चाचण्यांत त्या भाताचे उत्पन्न वाढले.

आमची चूक आता कळली. सावलीला सरावलेल्या पानाची दुरुस्तीची ताकद कमी असते. त्याच्यावर आम्ही भर उन्हाचा आणि तापलेल्या गच्चीचा भार एकाच वेळी टाकला होता.

यंदा आम्ही कुंडी आधी फक्त सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवली, आठ-दहा दिवसांत वेळ हळूहळू वाढवली. दुपारी वर हिरवी जाळी, आणि माती कोरडी पडू दिली नाही. उन्हापासून पूर्ण लपवायचे नाही. दुरुस्तीला सवड मिळेल एवढेच पाहायचे. पुदिना तग धरून आहे, आणि चटणीसाठी पाने तोडताना अम्मीची तक्रार नाही.