फाटका बूट आणि गाडीचा सांधा

बैलगाडीच्या आसाला वंगण घालताना तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. शेतकरी आधी काळे पडलेले जुने वंगण पुसून काढतो, मगच नवे घालतो. असे का? याचे उत्तर मला जळगावजवळच्या असोद्यात एका गॅरेजमध्ये मिळाले.

माझ्या मोटारीच्या पुढच्या उजव्या चाकाकडून खड्ड्यात टकटक आवाज येई. मिस्त्रींनी गाडी वर उचलली आणि चाकामागचा ‘बॉल जॉइंट’ दाखवला. आपल्या खुब्यासारखाच हा उखळीचा सांधा. वाटीत बसवलेल्या पोलादी गोळ्यामुळे चाक खालीवर होते आणि वळतेही. वाटीत ग्रीस असते, आणि ते आत राहावे, धूळ-पाणी बाहेर राहावे म्हणून सांध्यावर रबरी आवरण असते. त्याला ‘बूट’ म्हणतात. उजवा बूट पूर्ण फाटला होता. डाव्याला नुकतीच चीर पडलेली दिसत होती.

“ठिगळ लावून भागेल का?” मी विचारले.

“ट्यूबचं ठिगळ टिकतं सर, याचं नाही टिकत,” मिस्त्री म्हणाले.

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. ट्यूबचे ठिगळ स्वच्छ, खरवडलेल्या रबरावर चिकटवतात आणि आतली हवा ते टायरवर दाबून धरते. बूट मात्र ग्रीसने माखलेला असतो, त्यावर सोल्युशन धरत नाही. शिवाय प्रत्येक धक्क्याला त्याची घडी पडते. आणि ठिगळ बसले तरी आत शिरलेली धूळ आतच राहते!

खरा धोका या धुळीचाच. मोहसच्या मापनात साध्या पोलादाची कठिणता ४ ते ४.५, तर वाळूतील क्वार्ट्झची ७ असते. असे कण ग्रीसमध्ये मिसळले की वंगणाचाच घासणारा लेप बनतो. पाण्याने गंज चढतो. गोळा झिजून सैल होतो आणि अखेर वाटीतून निसटला, तर धावत्या गाडीचे चाक कलंडते.

मिस्त्रींनी दोन्ही चाके हाताने हलवून पाहिली. उजवा सांधा सैल होता, तो बदलावा लागला. डावा घट्ट होता. त्यातले जुने ग्रीस पुसून, नवे भरून फक्त नवा बूट बसवला. चीर वेळेवर दिसल्याने एक सांधा वाचला.

रबर फाटते का? चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधकाच्या साहाय्याने रबर टिकाऊ केले. पण नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते. म्हणून बुटासाठी १९३० मध्ये शोधलेल्या निओप्रीनसारखे कृत्रिम रबर वापरतात. तरीही खानदेशातले ऊन, हवेतील ओझोन आणि सततचे दुमडणे यांनी घडीच्या जागी भेगा पडतातच.

करून पाहा : एका रबर बँडचे दोन सारखे तुकडे करा. एक पाण्यात, दुसरा शिवणयंत्राच्या तेलात दोन-तीन दिवस ठेवा. मग दोन्ही पुसून लांबी मोजा. कोणता वाढला?

बैलगाडीच्या आसाला बूट नसतो. म्हणून तर शेतकरी वंगण घालण्याआधी पुसून घेतो!