‘क्लॉकवर्क एंजल्स’: साठीच्या उंबरठ्यावरचं रश

२०१० साली टोरांटोचं रश दौऱ्यावर निघालं, तेव्हा रोज रात्री १९८१चा ‘मूव्हिंग पिक्चर्स’ पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजत असे. जुन्या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचं उतारवय बहुधा असंच जातं, जुन्या गाण्यांच्या पुण्याईवर. पण त्याच कार्यक्रमात ‘कॅरव्हॅन’ आणि ‘बीयूटूबी’ ही दोन कोरी गाणीही होती. पुढे जून २०१२मध्ये ती ज्या अल्बममध्ये आली, तो ‘क्लॉकवर्क एंजल्स’ मला रशच्या ऐन बहरातल्या कामाइतकाच मोलाचा वाटतो.

इथवर येणं सोपं नव्हतं. ड्रमर आणि गीतकार नील पर्टची तरुण मुलगी १९९७मध्ये अपघातात गेली, दहा महिन्यांत पत्नी कर्करोगानं गेली. तो मोटारसायकल घेऊन हजारो मैल भटकत राहिला आणि बँड थांबला. २००२चा ‘व्हेपर ट्रेल्स’ हे पुनरागमन होतं. त्यात आवेग होता, पण ध्वनी इतका कर्कश की २०१३मध्ये त्याचं मिक्सिंग नव्यानं करावं लागलं. २००७च्या ‘स्नेक्स अँड अ‍ॅरोज’मध्ये बँडमधले तिघं पुन्हा मोकळे झाले.

पर्टची ख्याती काटेकोरपणाची. प्रत्येक ठोका आधी ठरवायचा, आठवडेच्या आठवडे घोटायचा आणि मैफलीत तसाच्या तसा वाजवायचा. तो कीर्तीच्या शिखरावर असताना १९९४च्या सुमारास फ्रेडी ग्रूबरकडे आणि पुढे पीटर अर्स्किनकडे शिकायला बसला. त्या शिकण्याचं फळ ‘क्लॉकवर्क एंजल्स’मध्ये ऐकू येतं. या वेळी त्यानं गाणी फारशी न घोटता ध्वनिमुद्रण केलं. निर्माता निक रास्कुलिनेझ समोर उभा राहून हातातल्या ड्रमच्या काठीनं इशारे देई आणि पर्ट त्या क्षणी सुचेल ते वाजवी. साठीला आलेल्या माणसानं जन्मभराची पद्धत अशी बाजूला ठेवणं मला फार धाडसाचं वाटतं.

‘हेडलाँग फ्लाइट’ची सात मिनिटं ऐका. गेडी लीचा बास पुढे धावतो, अ‍ॅलेक्स लाइफसनची गिटार मध्येच भिंतीसारखी उभी राहते आणि ड्रम्स दोघांनाही चुकवून नेमके समेवर येतात. ‘द रेकर्स’ची चाल बांधताना तर ली आणि लाइफसन यांनी वाद्यंच बदलून घेतली होती.

घड्याळजीच्या राज्यातून बाहेर पडलेल्या तरुणाची कथा गाण्यांना जोडते. ती मला मधे मधे सैल वाटते. काही ठिकाणी थरांवर थर चढून ध्वनी कोंदटतो, हेही खरं. पण व्होल्तेरच्या ‘कांदीद’ची आठवण ठेवून लिहिलेलं अखेरचं ‘द गार्डन’, त्यातली डेव्हिड कॅम्पबेलनं रचलेली तंतुवाद्यं आणि लाइफसनचा संयत सोलो, यापुढे ही तक्रार टिकत नाही.

१ ऑगस्ट २०१५ रोजी लॉस एंजलिस परिसरात या तिघांचा शेवटचा कार्यक्रम झाला. ७ जानेवारी २०२० रोजी मेंदूच्या कर्करोगानं पर्ट गेला. त्याच्या हातचा हाच शेवटचा स्टुडिओ अल्बम. रशची ओळख करून घेणारे सहसा ‘टॉम सॉयर’ या गाण्यापासून सुरुवात करतात. तुम्ही ‘हेडलाँग फ्लाइट’पासून करा, आणि पहिल्या खेपेला फक्त ड्रम्स ऐका.