माणसाचा देव होतो तेव्हा…

‘सचिन म्हणजे क्रिकेटचा देव’ हे आपण इतक्या सहज म्हणतो की, त्यात काही विशेष वाटतही नाही. माणसाला असं देवपदाला पोहोचवण्यासाठी इंग्रजीत एक भारदस्त शब्द आहे – ‘अपॉथिओसिस’. त्याचं मूळ ग्रीक. त्यातल्या ‘थिऑस’चा अर्थ देव. गंमत म्हणजे ‘थिऑस’ आणि आपला ‘देव’ ऐकायला जवळचे वाटले तरी भाषाशास्त्राच्या हिशेबात ते नातेवाईक नाहीत. ‘देव’चे खरे भाऊबंद म्हणजे लॅटिन ‘देउस’ आणि इंग्रजी ‘डिव्हाइन’.

रोममध्ये माणसाचा देव करणं हे चक्क सरकारी काम होतं. ज्युलियस सीझरच्या हत्येनंतर दोन वर्षांनी, इसवी सनपूर्व ४२ मध्ये, सिनेटने त्याला रीतसर देव ठरवलं. फायदा कुणाचा? त्याचा दत्तकपुत्र ऑक्टेव्हियनचा. तो ‘देवाचा मुलगा’ म्हणून मिरवू लागला! पुढे इसवी सन ५४ मध्ये सम्राट क्लॉडियस वारला आणि त्यालाही देवपद मिळालं. तेव्हा सेनेकाच्या नावावर असलेल्या एका प्रहसनाने या प्रकाराची यथेच्छ टर उडवली. त्याच्या नावातच ‘अपॉथिओसिस’वर कोटी आहे : देव होण्याऐवजी भोपळा होणं!

लोकशाहीलाही हा मोह सुटलेला नाही. अमेरिकेच्या संसद भवनाच्या घुमटात ब्रुमिडी या चित्रकाराने १८६५ मध्ये रंगवलेलं चित्र आहे. त्यात जॉर्ज वॉशिंग्टन देवतांच्या मधोमध ढगांत बसलेत. चित्राचं नाव अर्थातच ‘अपॉथिओसिस ऑफ वॉशिंग्टन’.

आज हा शब्द ‘एखाद्या गोष्टीचं सर्वोच्च रूप’ किंवा ‘कळस’ या अर्थानेही वापरतात. मराठीत मात्र आपण ‘देव्हाऱ्यात बसवणं’ म्हणतो आणि अति झालं की ‘देव्हारे माजवणं’. म्हणजे कौतुक आणि टोमणा, दोन्हींची सोय आपल्याकडे आहे.

ती सोय लागतेच. कारण खेळाडूचा देव केला तर फार तर सोशल मीडियावर भांडणं होतील, नेत्याचा केला तर प्रश्न विचारणंच थांबतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत हाच इशारा दिला होता : राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते.

तेव्हा आवडत्या माणसाचे फॅन जरूर व्हा. फक्त त्याला माणूसच राहू द्या!